कुत्र्याला सापापासून मागं फिरायला कसं शिकवायचं?

पावसाळा लागला की मोबाइलवर एक व्हिडिओ हमखास फिरायला लागतो. अंगणात फणा काढलेला नाग, समोर तीन-चार कुत्री, आणि मागून कुणीतरी ‘छू, छू’ करतंय. शेवटी साप लोळागोळा होतो आणि खाली ओळ येते, ‘मालकासाठी जिवावर उदार झालेला इमानी कुत्रा’. त्या कुत्र्याचं रात्री काय झालं ते व्हिडिओत नसतं.

ते मी एकदा जवळून बघितलंय. आमची वस्ती सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात, चहूबाजूंनी ऊस. नोव्हेंबर होता. रात्रीची लाइट म्हणून उसाला पाणी द्यायला, दारं धरायला निघालो होतो, आमचा कुत्रा खंड्या नेहमीसारखा दहा पावलं पुढं. बांधावर तो थबकला, नाक खाली घातलं आणि क्यांव करून मागं उडाला. मला वाटलं, गांधील चावली. बॅटरीच्या उजेडात नाकाच्या शेंड्यावर रक्ताचे दोन बारके थेंब दिसले. आईनं हळद दाबली, मी परत पाण्याकडं गेलो. दोन तासांनी आलो तेव्हा तोंड सुजून त्याचे डोळे मिटले होते आणि गळ्यातला पट्टा मांसात रुतला होता.

डॉक्टरांनी त्याच्या पायातून काढलेलं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं, नळी टेबलावर उभी केली आणि घड्याळ बघत बसले. वीस मिनिटांनी नळी कलती केली. एव्हाना रक्ताची गोठून वडी व्हायला हवी होती. ते पाण्यासारखं ओघळलं. ‘घोणस असणार,’ एवढंच म्हणाले. प्रतिविष, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, त्यांच्याकडं नव्हतं. ते दुसऱ्या गावाहून यायला पहाट झाली. तिसऱ्या दिवशी मूत्रपिंडं थांबली. ते दोन तास मी घालवले होते, दुसऱ्या कुणी नाही.

त्यानंतर बिजली ही कुत्री आली. तिच्यासाठी जे वाचलं, जाणत्यांना विचारलं आणि चुकत-माकत करून बघितलं, ते इथं मांडतोय.

कुत्रं सापाजवळ जातंच कशाला?

आपण जग डोळ्यांनी बघतो, कुत्रं नाकानं. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण 50-60 लाख, कुत्र्याच्या नाकात 20 कोटींच्या पुढं. नवा वास लागला की तो कशाचा हे त्याला नाक टेकवून तपासायचंच असतं. म्हणून कुत्र्याला पान लागतं, म्हणजे साप चावतो, ते बहुतेक वेळा नाकाडावर, तोंडावर, नाहीतर पुढच्या पायावर.

दुसरं कारण हालचाल. सरपटणारं, पळणारं काही दिसलं की मागं लागायचं, हे त्याच्या रक्तात आहे. कारवानी कुत्रं पाळणाऱ्यांना हे सांगायला नको. ते कुत्रं नजरेवर शिकार करणारं. ससा दिसला की मालक, दोरी, भाकरी, सगळं विसरतं. लांबून वळवळणारी धामण त्याला सशासारखीच वाटते.

तिसरं कारण आपण. साप निघाला की आपण ओरडतो, गोळा होतो, काठ्या आणतो. कुत्र्याच्या लेखी सगळा कळप शिकारीला निघालेला असतो. त्यात एखादं पोरगं ‘छू’ म्हणतं. लहानपणापासून ‘छू’ म्हणजे मांजर, डुक्कर, माकड यांच्यावर धाव, हे त्याला आपणच शिकवलेलं. म्हणजे आपलं कुत्रं साप या विषयात कोरं नसतं. उलटा धडा आधीच गिरवून झालेला असतो.

आता आपल्या भागातले साप. जीवघेणे मुख्य चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. कृष्णाकाठच्या उसात, द्राक्षबागांच्या कडेला उंदीर भरपूर, म्हणून नाग आणि घोणस भरपूर. जत-आटपाडी, माण-खटावच्या दगडाळ माळावर फुरसं. मण्यार सगळीकडं, पण रात्री. घाटाकडं, कोयना-चांदोलीच्या जंगलात हिरवा चापडाही आहे. बाकी धामण, दिवड, तस्कर, गवत्या, कवड्या, हे बिचारे बिनविषारी. पण कुत्र्याला विषारी-बिनविषारी शिकवायच्या फंदात पडू नये. आपल्यालाच ते कुठं जमतं? कवड्याला मण्यार समजून आणि डुरक्या घोणशीला खरी घोणस समजून आपण मारतोच की.

शिकवायचं म्हणजे नक्की काय?

मानसशास्त्राच्या पुस्तकात एक जड शब्द आहे, अभिसंधान. अर्थ साधा: एका गोष्टीशी दुसरीची जोड लागणं. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हच्या कुत्र्यांच्या तोंडाला खाणं येण्याआधीच, नुसत्या खुणेनं पाणी सुटायचं, हे शाळेत वाचलेलं असतं. पण रशियापर्यंत जायची गरज नाही, गोठ्यात चला. आंबोणाची पाटी आणि चरवीचा आवाज झाला की म्हैस पान्हा सोडते. अजून कुणी सडाला हातही लावलेला नसतो. ‘चरवी वाजली म्हणजे दूध काढणार’ असा विचार ती करत नाही. आवाज झाला की शरीरच ते करून टाकतं.

आपल्याला कुत्र्यात हीच जोड लावायची आहे. सापाचा वास आला, किंवा जमिनीवर काही वळवळलं, की मालकाकडं वळायचं. सापाची भीती बसवणं हा एक रस्ता आहे, पण तो लांबचा आणि काट्यांचा. मागं फिरायची सवय लावणं जवळचं. घाबरलेलं कुत्रं कुठं पळेल, पळेल की अंगावर जाईल, सांगता येत नाही. सवयीनं वळलेलं कुत्रं तुमच्याकडंच येतं.

मग ते झटका देणारे पट्टे?

हा प्रश्न येणारच, कारण असे व्हिडिओही फिरतात. अमेरिकेत शिकारी कुत्र्यांना रॅटलस्नेक, म्हणजे शेपटीचा खुळखुळा वाजवणाऱ्या सापांपासून लांब ठेवण्यासाठी ही पद्धत बरीच चालते. पिंजऱ्यातला किंवा तोंड बांधलेला साप समोर ठेवतात, कुत्र्यानं नाक पुढं केलं की गळ्यातल्या पट्ट्यातून विजेचा झटका. न्यूझीलंडमध्ये उडता न येणाऱ्या किवी पक्ष्याला कुत्र्यांपासून वाचवण्यासाठीही अशीच तालीम देतात. तिचा उपयोग होतो, हे मान्य करायला हवं.

अडचण कुठं आहे ते आपल्या शेतातच बघा. रानडुकरांसाठी झटका मशीनची तार लावलेली असते. तिला तोंड लागलेला बैल पुन्हा त्या बाजूला फिरकत नाही. पण त्याला ‘तार’ कळलेली असते का? कधी तो त्या बांधाला घाबरतो, कधी शेजारच्या पांढऱ्या खांबाला, आणि एखादा त्या वेळी दावं धरून उभ्या असलेल्या गड्याला. झटका नेमका कशामुळं बसला हे जनावर स्वतःच्या अकलेनं ठरवतं. पट्ट्याचं बटण क्षणभर उशिरा दाबलं, आणि त्या क्षणी कुत्रं तुमच्या पोराकडं बघत असलं, तर धडा पोराविषयी होतो. शिवाय वेदना झाली की काही कुत्री मागं हटतात, काही समोरच्याला फाडतात. समोर जर खरा नाग असेल तर?

कायद्याचंही आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावराला विनाकारण वेदना देणं गुन्हा आहे. आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळं साप पकडून, डांबून, तोंड शिवून वापरता येत नाही. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीत जिवंत नाग पकडून मिरवायची पिढ्यान् पिढ्यांची रीत उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर थांबली. ते आपल्याच जिल्ह्यात घडलं. तेव्हा ‘जिवंत साप दाखवून कुत्रं तयार करून देतो’ असं कुणी म्हणालं तर त्याला वाटेला लावा.

आणि एक मुद्दा. खुळखुळा आधी वाजतो, म्हणून अमेरिकी कुत्र्याला निदान कानानं तरी इशारा मिळतो. आपली घोणस कुकरच्या वाफेसारखी फुत्कारते, फुरसं खवले घासून करवतीसारखा आवाज करतं. पण मण्यार? तिचा आवाजच नाही. तिथं नाकावरच भिस्त.

पहिले तीन आठवडे सापाचं नाव नाही

इथं बहुतेकांचा धीर सुटतो, कारण हा भाग कंटाळवाणा आहे. पण इमारत याच पायावर उभी राहते.

आधी एक शब्द निवडा. घरात दिवसभर वापरला जाणारा नको. ‘ये’ आपण जेवायला, अंघोळीला, बांधायला, सगळ्यालाच म्हणतो; त्याची धार गेलेली असते. मी ‘मागं’ घेतला. काहीजण शिट्टी वापरतात, तीही उत्तम, कारण घाबरल्यावर माणसाचा आवाज बदलतो, शिट्टीचा नाही. शब्द उच्चारला, कुत्रं वळलं, की तिथल्या तिथं खायला काहीतरी भारी. रोजची भाकरी इथं चालत नाही. उकडलेली कलेजी, अंड्याचा तुकडा, सुकट. बिजली सुकटीसाठी काहीही करते, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. आधी घराच्या सोप्यात, मग अंगणात, मग दहा मीटर लांब दोरी बांधून बांधावर.

या शब्दानं बोलावून कुत्र्याला कधीही मारायचं नाही, औषध पाजायचं नाही, साखळीला अडकवायचं नाही. मी एकदा ‘मागं’ म्हणून बोलावलं आणि गोचिडाचं औषध लावलं. पुढचे चार दिवस तो शब्द ऐकला की बिजली कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसायची. पुन्हा पहिल्यापासून.

दुसरा शब्द ‘सोड’. मुठीत खाण्याचा तुकडा धरा, मूठ तिच्या नाकासमोर न्या. ती हुंगते, चाटते, पंजानं ओरबाडते. तुम्ही ढिम्म. कधीतरी कंटाळून ती तोंड मागं घेते. त्याच क्षणी शाबासकी, आणि तुकडा दुसऱ्या हातातून. मुठीतला तुकडा कधीच द्यायचा नाही, नाहीतर ‘सोड’ म्हणजे ‘थोडं थांब, मग मिळेल’ असा अर्थ होतो. मग तुकडा जमिनीवर, पायाखाली, मग उघडा. शेवटी हलणारी वस्तू. मी ठिबकच्या जुन्या नळीचा हातभर तुकडा सुतळीला बांधून पोराला पाचटातून ओढायला लावला. पहिल्या दिवशी बिजलीनं नळीचे चार तुकडे केले. दहाव्या दिवशी नळी सळसळली, ती दोन पावलं पुढं गेली, ‘सोड’ ऐकलं आणि माझ्या खिशाकडं बघत उभी राहिली. कारवानी किंवा तत्सम नजरेची शिकारी कुत्री असतील त्यांनी या भागाला दुप्पट वेळ द्यावा.

आता वास

बाजारात रबरी साप मिळतात. हालचालीच्या सरावाला ठीक आहेत, पण कुत्र्याच्या नाकाला ते रबरच असतं. चप्पल आणि नाग यांतला फरक त्याला आपल्यापेक्षा आधी कळतो.

वासासाठी उपयोगी पडते ती कात. बांधाच्या दगडांत, विहिरीच्या कडेला, गोठ्यामागच्या विटांच्या ढिगात ती सापडतेच. घरी आणू नका. वन्यप्राण्याचे अवशेष बाळगणं कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतं, आणि तसंही ती जिथं सापडली तिथंच धडा घेणं जास्त बरं. मी असं करतो: दिवसाउजेडी, आधी लांब काठीनं आजूबाजूचं गवत चाळवून साप नाही याची खात्री करतो. कातेवर बांबूची टोपली पालथी घालतो, वर दगड ठेवतो, म्हणजे वास येतो पण नाक पोचत नाही. मग वारा टोपलीकडून आपल्याकडं येईल अशा बाजूनं, वीसेक पावलांवरून, लांब दोरीवर बिजलीला घेऊन चालत येतो.

नजर कुत्र्यावर ठेवायची, टोपलीवर नाही. एका जागी येऊन नाक उंचावतं, कान पुढं होतात, शेपूट ताठ. वास पोचला. ती ओढ घ्यायच्या आत ‘मागं’ म्हणायचं, आपण स्वतः पाठ फिरवून दहा पावलं चालायचं, आणि तिथं सुकटीची मेजवानी. टोपलीजवळ खाऊ द्यायचा नाही, नाहीतर सापाच्या वासाशी खाण्याची जोड लागून कुत्रं उलट तिकडंच जाईल. सगळी मजा सापापासून लांब, मालकाच्या पायाशी. आठ-दहा वेळा केलं की त्या दिवसापुरतं बास.

काही दिवसांनी एक गंमत होते. तुम्ही शब्द उच्चारायच्या आधीच कुत्रं नाक उंचावतं आणि तुमच्याकडं बघतं. आता वासच शब्दाचं काम करायला लागला. साखर कारखान्याचा भोंगा झाला की मुकादमानं हाक मारायची वाट न बघता कामगार पाळी सोडतात ना, तसंच.

इथं एक खोच आहे. कुत्रं गोष्ट शिकत नाही, आधी जागा शिकतं. विहिरीजवळच्या टोपलीला ते वळेल आणि गोठ्यामागं त्याच वासावर नाक खुपसेल. म्हणून निदान चार-पाच वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या वेळी, घरातल्या वेगळ्या माणसाबरोबर हा सराव व्हायला हवा. कातेचा वास जिवंत सापाइतका तिखट नसतो, हेही लक्षात असू द्या. ही तालीम आहे, हमी नाही. आणि पाठ केलेलं विसरतंही. मी मे महिन्याच्या शेवटी एकदा आणि दिवाळीच्या आसपास एकदा उजळणी घेतो. पावसात बिळात पाणी शिरून साप वर येतात, आणि थंडीत घोणशी ऊन खायला, जोडीदार शोधायला बाहेर पडतात. त्याच वेळी ऊसतोडही सुरू असते. फड तुटताना कुत्रं बांधूनच ठेवा, तिथं कुठलाही धडा उपयोगाचा नाही.

‘अवं, गावठी कुत्र्याला काय शिकवायचं?’

आमच्या चुलत्यांचा हा ठरलेला प्रश्न. त्यांच्या मते गावठी कुत्र्याला उपजतच कळतं, आणि त्याला विषही चढत नाही, मुंगसासारखं.

मुंगसाचं खरं आहे. त्याच्या स्नायूंवर नागाचं विष जिथं चिकटतं त्या जागेची घडणच वेगळी असते, म्हणून ते विष त्याच्यावर पुरतं चालत नाही. कुत्र्याला ती देणगी नाही, गावठी असो की लाखाचं. उलट साप विष सोडतो ते समोरच्याचं वजन बघून नाही. सत्तर किलोच्या माणसाला जेवढं, तेवढंच पंधरा किलोच्या कुत्र्याला. म्हणूनच कुत्रं लहान म्हणून प्रतिविषही कमी देऊन भागत नाही. औषधाला गाठायचं असतं ते विषाला.

उपजत कळण्याचं म्हणाल तर काही कुत्री एकदा फुत्कार ऐकून कायमची शहाणी होतात, हे खरंय. पण वस्तीवर जी म्हातारी, शहाणी कुत्री दिसतात ती वाचलेली असतात. न वाचलेली आपल्याला दिसत नाहीत, आणि आपण हिशेब फक्त दिसणाऱ्यांचा करतो.

कुणी विचारतं, लस नाही का? अमेरिकेत रॅटलस्नेकसाठी कुत्र्यांची एक लस काढलेली आहे. तो साप आपल्याकडं नाही. विषय संपला.

‘मागं फिरणारं कुत्रं राखण काय करणार?’

हा आक्षेप मात्र बिनतोड वाटतो, आणि मलाही बरेच दिवस सतावत होता. वस्तीवर कुत्रं ठेवायचं ते राखणीलाच.

पण राखण म्हणजे काय, ते बघा. रात्री चोर आला तर कुत्र्यानं त्याला मारावं अशी अपेक्षा नसते. भुंकून घर जागं करावं, एवढंच. सापाबाबतही तेच काम हवं. लांबून भुंकणारं, मग तुमच्याकडं पळत येणारं कुत्रं तुम्हाला सांगतं की तिकडं काहीतरी आहे. झटापट करणारं कुत्रं सापाला चवताळवतं, आणि चवताळलेला साप पळताना नेमका घरात शिरतो. साप साधारण आपल्या लांबीच्या निम्म्यापर्यंत झेप घेतो. चार हात लांब उभं राहून भुंकणाऱ्या कुत्र्याला त्यापासून धोका नाही. तेव्हा भुंकणं मोडू नका. फक्त अंतर शिकवा.

साप समोर आहे आणि कुत्रं भुंकतंय, आता?

धावत जाऊन पट्टा धरायचा मोह होतो. धरू नका, त्या वेळी कुत्रंही चावतं आणि सापही. दगड मारू नका. शब्द एकदा, मोठ्यानं, आणि उलट्या दिशेला चालायला लागा, खाऊचा डबा वाजवत. कुत्रं पळणाऱ्याच्या मागं येतं, उभं राहून ओरडणाऱ्याच्या नाही. आलं की दोरी लावा, खोलीत कोंडा, आणि मग सापावर लांबून नजर ठेवून वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. पशुसंवर्धन विभागाचा जनावरांसाठीचा क्रमांक 1962. दोन्ही इतके सारखे आहेत की घाईत हमखास उलटसुलट होतात. आमच्या गोठ्याच्या दारावर मी खडूनं दोन्ही लिहून ठेवलेत, शेजारी साप आणि म्हैस काढून. चित्रं पोराची आहेत, साप म्हशीपेक्षा जाड झालाय.

शिकवूनही पान लागलं तर

पहिली गोष्ट, गळ्यातला पट्टा काढा. चेहरा सुजला की तोच फास होतो. कुत्र्याला चालवू नका, उचला. पोत्यावर, घोंगडीवर घालून न्या. जखम कापू नका, चोखू नका, आवळून दोरी बांधू नका. तूप, मिरची, कडुलिंबाचा पाला, यांतलं काही नको. हळदीबद्दल मी वर सांगितलंच. आणि निघण्याआधी डॉक्टरांना फोन करून विचारा, प्रतिविष आहे का. सगळ्यांकडं नसतं. माणसांना देतात तेच कुत्र्यांनाही देतात. घोड्यांच्या रक्तापासून तयार केलेलं, चारही मुख्य सापांवर चालणारं. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्या बाजूच्या लोकांना तो एक आधार.

कुठला साप हे कळलं तर बरं, पण तो शोधत बसू नका, लक्षणं सांगतात. घोणस किंवा फुरसं असेल तर सूज, हिरड्यांतून रक्त, लाल लघवी. नाग असेल तर लाळ, झुकलेल्या पापण्या, मागचे पाय लटपटणं, मग श्वास. मण्यारीचं सगळ्यात फसवं: जखम दिसत नाही, सूज नाही, रात्री ठीक असलेलं कुत्रं पहाटे उलट्या करतं आणि उठूच शकत नाही. अशा वेळी ‘काहीतरी खाल्लं असेल’ म्हणून दुपारपर्यंत थांबू नका.

आणि आपण झोपल्यावर?

इतका वेळ सांगितलं ते सगळं मालक सोबत असताना. रात्री दोन वाजता परड्यात एकटं असलेल्या कुत्र्याला ‘मागं’ म्हणायला कुणी नसतं. काही कुत्री तेव्हाही वळतात, घराच्या दाराशी येऊन भुंकतात, पण त्यावर जीव टांगू नये. रात्री कुत्रं ओट्यावर, उंचावर, दिव्याखाली झोपू दे. त्याच्या भांड्यात उष्टं ठेवू नका. उष्ट्याला उंदीर येतो, उंदराला साप. विटा, लाकडं, कडबा घरापासून लांब रचा. 2019 च्या पुरात सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं, तेव्हा कोरडी जागा शोधत साप कुंपणांवर, पायऱ्यांवर, पत्र्यांवर चढले होते. अशा दिवसांत, आणि पाणी ओसरल्यावरही बरेच दिवस, कुत्रं दोरीवरच. वस्तीत शिरलेला साप नेहमीच्या जागी नसतो, तेव्हा कुत्र्याचा नेहमीचा रस्ताही भरवशाचा नाही.

बिजली आता चार वर्षांची आहे. गेल्या श्रावणात गोठ्यामागच्या विटांकडं जाता जाता ती थांबली, नाक उंचावलं, आणि काही न म्हणता वळून माझ्या पायाशी येऊन बसली. बॅटरी मारली तर विटांत दिवड होती, बिनविषारी, बेडूक गिळत बसलेली. बिजलीला तो फरक कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. सुकट दिली. तेव्हापासून तिनं एक नवीन खोड काढलीय. संध्याकाळी भूक लागली की विटांपर्यंत जाते, हवेत नाक धरते, गंभीर चेहरा करून परत येते. मी बॅटरी घेऊन जातो, काठीनं वीट न् वीट बघतो. काही नसतं. सुकट तरी देतोच.